एकोणतीसवर उभा काटा

हे मी आजवर कोणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, देवापाशी तं नाहीच. तुले सांगून राह्यलो, कारण तू मले ओळखत नाहीस. ओळखत असतास तं सांगतलंच नसतं.

उमरखेडले माह्यं बी-बियाण्याचं दुकान हाये, पण लोक मले घड्याळवाला म्हणतात. जुनी, चावीची, बाजूले दोन बटनं असलेली हातघड्याळं—वरचं बटन दाबलं का मधला मोठा काटा स्टॉपवॉचसारखा सेकंद मोजत पळते, पुन्हा दाबलं का थांबते, खालचं दाबलं का बारावर जाते. अशी एकवीस हायेत माह्यापाशी. लोक नांदेडवरून पाह्याले येतात. मी कपाटातून एकेक काढून दाखवतो. एक सोडून.

ते एक बाबाचं. बाबा ट्रक चालवत. त्यायच्या मनगटावर तो मोठा काटा कायम फिरत असे. आमाले वाटे, सेकंदाचाच काटा हाये. अन् बटनं? शोभेची असतील! बाबा गेल्यावर मी रोज सकाळी चावी द्याले लागलो. काटा फिरे, अन् वाटे, बाबा घरातच हायेत.

मंग घड्याळ मागं पडाले लागलं. बसस्टँडसमोर सुदामकाकाची घड्याळदुरुस्तीची टपरी होती. तिळाएवढा स्क्रू चिमट्यात धरून काका गप्पा मारत. मले लहानपणापासून 'बावा' म्हणत. आठ दिवसांनी, भर दुपारी सामसूम असताना, त्यायनं घड्याळ साफ करून हातात देलं. मोठा काटा बारावर उभा. हालेच ना.

माह्यं डोकं सणकलं. तसं ते लवकरच सणकते. "आतली मशीन बदलली ना तू?"

काका हसले. "अरे बावा, चालू हाये ते!"

"चालू तं तू हायेस!" म्हणलं, अन् पहिली थापड तिथंच बसली.

चष्मा उडाला. मी टपरीच्या आत घुसलो, त्यायची कॉलर धरून तोंड काउंटरवर आपटलं. काच तडकली, ओठ फाटला, रक्त माह्या मनगटावर आलं. काका म्हणत होते, "बटन... बटन दाब..." मले वाटलं, शर्टाचं बटन सोड म्हणतात. मी कॉलर अजून आवळली. पडू नये म्हणून त्यायनं उजव्या हातानं उघड्या ड्रॉवरची कड धरली होती. मी ड्रॉवरले लाथ घातली. बोटं आत होती. कपाशीची वाळली पऱ्हाटी गुडघ्यावर मोडल्यासारखा आवाज आला.

घड्याळ माह्या डाव्या मुठीत होतं. झटापटीत अंगठा बटनावर दाबला गेला असंन. मी मूठ उघडली—अन् काटा पळत होता. बाबाच्या हातावर पळे तसाच.

मले सगळं समजलं. इथं थांबलो असतो तं चूक झाली म्हणता आलं असतं. पण मी—नीट ऐक बाप्पा—समजल्यावर मी त्याच ड्रॉवरले दुसरी लाथ मारली. बोटं अजून आतच होती. काहून मारली? काका खरे निघाले म्हणून. दुसरं कारण नाही.

काकानं गावाले सांगतलं, हातावर शटर पडलं. मीबी तेच सांगतलं, दवाखान्यात उभा राहून, मोठ्यानं. काहून त्यायनं माह्यं नाव घेतलं नाही? इतक्या वर्षांत विचाराची माह्यी हिंमत झाली नाही. दोन बोटं सरळ झालीच नाहीत. चिमटा धरता येत नाही. टपरीत आता काका नुसते पट्टे विकतात. मी समोरून गेलो का खाली पाह्यतात. मी मात्र चारचौघात वाकून नमस्कार करतो. लोक म्हणतात, माणूस लय संस्कारी हाये!

दुसऱ्या लाथेनंतर मी बटन दाबून काटा थांबवला. खालचं बटन आजवर दाबलं नाही. काटा एकोणतीस सेकंदावर उभा हाये. त्यातले पहिले चार-पाच सेकंद मी चुकलो होतो. उरलेल्या सेकंदांत मले सगळं माहीत होतं.