चाळीस दिवसांतली दहा मिनिटं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही. कन्फेशनला फादरसमोर गुडघे टेकले तेव्हाही नाही — बाकी सगळं ओकले, हे तेवढं गिळलं. आता तुला सांगतेय. तोंड वाकडं करायचं तर कर, पण पूर्ण ऐक.

तीन वर्षांपूर्वीचा उपवासकाळ. ईस्टरआधीचे चाळीस दिवस आम्ही काही ना काही सोडतो — कुणी मटण, कुणी दारू. मी फोनवरचं सगळं सोडलं. रील्स, फेसबुक, ग्रुप, सगळं. राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासाच्या पहिल्याच दिवशी, कपाळावर राख घेऊन चर्चच्या पायरीवरच मी त्याचा ढोल पिटला. अख्ख्या मरोळ गावठाणाला कळलं. रविवारी फादरनी प्रवचनात उदाहरण दिलं — नाव न घेता, पण माना माझ्याकडेच वळल्या. आवडलं का मला? आवडलंच. का नाही आवडणार?

हात रिकामे राहायला लागले, म्हणून आईची क्रोशाची सुई काढली. साखळी, खांब, साखळी, खांब. दुपारी व्हरांड्यात बसायचे. मानेचं दुखणं थांबलं. समोरच्या पेरूवर पोपट येतात, हे वीस वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. झोप तर अशी लागायची, काय सांगू! हे ढोंग होतं असं कुणी म्हणत असेल, तर आण त्याला माझ्यासमोर. ढोंग नव्हतं.

पण मधे दहा मिनिटं आहेत.

माझी धाकटी जाऊ, रोझी, वरच्या मजल्यावर राहते. तिनं आमच्या सासूच्या बॉटल मसाल्याचा, वर्षभरासाठी बाटल्यांत भरून ठेवतो त्याचा, व्हिडिओ टाकला. सासू तेव्हा वारलेली. आणि जो येईल तो म्हणे, रोझीचा मसाला, रोझीचा मसाला! सासूबरोबर उन्हाळेच्या उन्हाळे मिरच्या मी भाजल्या, खोकून खोकून जीव गेला माझा — आणि मसाला रोझीचा? एका दुपारी ॲप परत घेतलं, खोट्या नावानं खातं उघडलं आणि व्हिडिओखाली लिहिलं — ‘तिरफळ राहिलं, बाई. सासूनं तुला मुद्दाम सांगितलं नव्हतं. तू तिला कधी आपली वाटलीच नाहीस.’ मग ॲप काढून टाकलं आणि परत सुई हातात घेतली.

मत्सर होता. त्याला दुसरं गोड नाव मी शोधत नाही.

रोझी रडत खाली आली. तिरफळाचं कुणाकुणाला माहीत होतं, असं तिनं विचारलं. मला आणि फिलूला, मी म्हटलं. फिलू म्हणजे आमची नणंद, बोरिवलीला दिलेली. खोटं बोलले का? एक अक्षर खोटं नव्हतं! पण माझा तर फोनचा उपास, गावाला ठाऊक. मग उरलं कोण?

“तू कुठून असणार गं,” रोझी डोळे पुसत म्हणाली. मी मान खाली घालून विणलेले खांब मोजत राहिले.

फिलूनं मेलेल्या आईची शपथ घेतली. रोझीनं तिच्या तोंडावर फोन ठेवून दिला. व्हिडिओ करणंही सोडलं तिनं.

ईस्टरला टेबलावर माझाच क्रोशाचा टेबलक्लॉथ. झकास झालाय, झकास झालाय — रोझीचं तोंड थांबेना. मग म्हणाली, फिलूची खुर्ची कशाला मांडलीस, ती येणार नाहीये. फिलू लहानपणापासून त्याच खुर्चीवर बसायची, बापानं करून घेतलेली. मी माझ्या हातानं ती उचलली, आतल्या खोलीत भिंतीला लावली आणि बाहेर येऊन सगळ्यांना वाढलं.

त्यानंतर फिलू एकाही ईस्टरला आली नाही. खुर्ची तिथेच आहे. तिच्यावर मी माझे दोऱ्याचे गुंडे ठेवते.