फातिहात न घेतलेलं नाव

शब-ए-बरातला आमच्या घरी हलवा होतो, आणि त्यावर फातिहा देताना घरातल्या गेलेल्या माणसांची नावं एकेक करून घेतली जातात. इथे आखातात, अल रीमच्या फ्लॅटमध्येही ते चुकत नाही. यंदा अम्मा रत्नागिरीहून व्हिजिटवर आलेली, म्हणून हलव्यात तूप जरा जास्तच होतं. तुपाच्या बाबतीत ती कुणाचं ऐकत नाही.

या नावांत माझ्या नानांचं, म्हणजे अम्माच्या वडलांचं, नाव कधीच आलं नाही. नाना इंग्रजांच्या मालवाहू जहाजावर खलाशी होते. तिकडे इंग्रज आणि जर्मन एकमेकांच्या उरावर बसले आणि जर्मनांनी नानांचं जहाज बुडवलं. आमच्या खाडीकाठच्या गावात तेव्हा घरटी एक माणूस जहाजावर, त्यामुळे रडारड बऱ्याच घरांत झाली. नानी मात्र रडली नाही, विधवेने पाळायच्या इद्दतीलाही बसली नाही. मय्यत कुणी पाहिलीय, म्हणाली. मरेपर्यंत तिच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या. घरात नानांसाठी दुआ व्हायची ती सलामतीची, जिवंत माणसासाठी मागतात तशी. अम्मा तेव्हा पोटात होती. बापाला तिने फोटोतही पाहिलेलं नाही, पण पाचही नमाजांत त्याला सुखरूप ठेव म्हणून मागत आली.

हलवा थाळीत थापता थापता ती हे माझ्या मुलीला सांगत होती. पोरीने विचारलं, "सो दादी, ही वॉज ऑन विच साइड?"

"पगार देणाऱ्याच्या," मीच म्हणालो. मला या गोष्टीचा राग येतो. भांडण कुणाचं आणि मेलं कोण? आणि तरी त्या कधी न पाहिलेल्या माणसाची मला इथे आठवण येते, आता याला काय म्हणावं.

संध्याकाळी अस्रच्या नमाजनंतर उदबत्ती लावून मी बसलो. मुलगी हलव्यावर डोळा ठेवून "यल्ला, पप्पा" करत घाई लावत होती. नेहमीची नावं घेऊन झाली, तोच अम्माने माझा हात धरला.

"बाबाचं पण घे."

नाना असते तर केव्हाच शंभरीपार गेले असते, हे काय तिला कळत नव्हतं? पण नानीचा शब्द तिने आजवर मोडला नव्हता.

"अम्मा, नक्की ना?"

"माझे आता किती दिवस राहिलेत," ती म्हणाली. "घाल त्याला मेलेल्यांत. तिकडे पोचल्यावर मला बाप भेटायला नको?"