बाबांचं चुकीचं उत्तर

जगात चुकीचं बोलून सुटायला जागा पुष्कळ आहेत. पण बाबांच्या त्या बार्जवाल्या मित्रासमोर ख्रिस्ताबद्दल चुकीचं बोलून सुटलेला माणूस निदान आमच्या आमोण्यात तरी जन्मलेला नाही. दोघे मुरगाव बंदरात खनिज नेणाऱ्या एकाच बार्जवर होते, बाबा वर सुकाणूला, ते खाली इंजिनात. निवृत्तीनंतर हा वर-खालीचा भेद संपला आणि दोघे रोज संध्याकाळी आमच्या सोप्यावर बसून एकच उंडा, आमच्याकडचा गोल पाव, अर्धा-अर्धा मोडून चहात बुडवू लागले. इंजिनापाशी उमर गेल्यामुळे त्यांना दोन खोडी कायमच्या जडल्या होत्या: मोठ्यानं बोलणं, आणि आवाज जरा बदलला की कुठं काय बिघडलंय ते हुडकून काढणं. दुसरी खोड त्यांनी धर्मालाही लावली.

सोप्यावर येईल त्याला ते विचारत, "जेजू कोण?" जेजू म्हणजे येशू, एवढं तरी गोव्यात कुणाला सांगावं लागत नाही; बाकीचं ते सांगत. केस कापायला येणारा म्हणाला, "बरो मनीस." हे म्हणाले, "बरे मनीस खूब आसात. तूंय आसा. तुज्या मुखार कोण दिम्बी घालता?" तो बिचारा गुडघे टेकणाऱ्या गिऱ्हाइकांचा विचार करत कैची चालवू लागला. आई म्हणाली, "मोठे संत हो, देवाच्या अगदी जवळचे." ही चूक मात्र त्यांना मनापासून आवडली. "वहिनी, जवळजवळ ह्याच चुकीवर आदल्या काळात बिशपांची सभा बसली होती. दाढ्या उपटायची पाळी आली." आपण चुलीपाशी सहज बोललो त्यावर दूर कुठे एवढी थोर माणसं भांडली, याचा आईला पुढे कितीतरी दिवस अभिमान वाटत होता.

स्वतःच्या माणसांनाही सवलत नव्हती. इगर्जीत ते दोतोर्न, म्हणजे चर्चमधला पोरांचा धर्मशिक्षणाचा वर्ग, घेत आणि त्यात पास होणं बारावीपेक्षा कठीण समजलं जाई. एका नाताळला पाद्री प्रवचनात बोलून गेले, की जेजू माणसाच्या रूपात वावरला. हे भर मिसेत, प्रार्थना चालू असताना, उभे राहिले. "पाद्री बाब, रूपांत न्हय. मनीसच. तो भुकेलो, दमलो, रडलो. नाटक न्हय तें." पाद्री तरुण होते. त्यांनी तिथल्या तिथे दुरुस्ती केली आणि तेव्हापासून प्रवचन आधी यांच्या कानावर घालू लागले.

बाबांचं उत्तर ठरलेलं. "अवतार रे. आमच्या विष्णूचा असतो तसा. वेळ आली, खाली उतरला."

"अवतार परत परत येता. हो जेजू एकदांच आयलो. पुराय देव आनी पुराय मनीस, दोनूय."

"मग मी वेगळं काय म्हणतो?"

"सगळेंच."

बाबांनी देवघरात गणपतीशेजारी जेजूची तसबीर लावून झेंडू वाहायला सुरुवात केली, तेव्हा ते काही दिवस फिरकलेच नाहीत. मग आले, आणि फूल तरी ताजं वाहा म्हणाले.

एकदा मी वैतागून विचारलं, "बाबांचं उत्तर चुकलं तर तुमचं काय अडतं हो?" त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला. मग मी कधी ऐकलं नव्हतं इतक्या हळू आवाजात म्हणाले, "चुकीचें मानता तो थंय वयर, सर्गार पावना, अशें आमकां शिकयलां. तुजो बापूय पावलो ना, जाल्यार थंय हांव कोणाकडे उलोवूं?" वर गेल्यावरही बोलायला त्यांना तुम्हीच हवे आहात, हे मी बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "त्याच्या समाधानासाठी खोटं कसं बोलू? त्यालाच आवडायचं नाही." आणि ते खरंच होतं.

गेल्या वर्षी बाबा गेले. दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. आईला सांभाळीन म्हणालो, घर विकणार नाही म्हणालो. कावळा माडावर ढिम्म. बाबांचे मित्र लांब रस्त्यावर उभे होते. हे विधी म्हणजे चुकीची श्रद्धा, त्यात सामील होणं आपल्याला पाप, हे त्यांनी आधीच स्वच्छ सांगितलं होतं. शेवटी ते चपला काढून खाली उतरले, पिंडासमोर वाकले आणि इंजिनाच्या वरताण आवाज काढून म्हणाले, "आयक रे. तुजें उत्तर चलता. थंय कोणें आडायलो जाल्यार म्हजें नांव सांग."

आम्ही मागे सरलो. कावळा उतरला. "भुकेल्लो आसतलो," ते म्हणाले आणि डोळे पुसत रस्त्याला लागले.

त्या रविवारी ते पाद्रीपुढे पाप कबूल करायला गेले. पाद्रींनी विचारलं, पश्चात्ताप होतो का? हे म्हणाले, नाही. पश्चात्तापाशिवाय क्षमा नाही आणि क्षमेशिवाय पवित्र भाकर नाही, हे पोरांकडून त्यांनीच घोकून घेतलेलं. तेव्हापासून मिसेला सगळे पवित्र भाकर घ्यायला पुढे जातात आणि हे मागच्या बाकावर बसून राहतात.

सोप्यावर अजून येतात, पण कुणाला काही विचारत नाहीत. मला फार चुकल्याचुकल्यासारखं होतं. परवा मीच म्हटलं, "अंकल, विचारा ना मला."

"नाका," ते म्हणाले. "तूं बरोबर सांगशीत आनी वयर पावशीत. मागीर बापूय आसा थंय ताका सांगाती कोण?"

मग त्यांनी उंडा मोडला, अर्धा बाबांच्या जागेवर ठेवला आणि उरलेला चहात बुडवला.