केशरी रंगाची खूण

“टीबी आहे, पण बरा होतो,” डॉक्टर म्हणाले. मला ‘पण’च्या पुढचं ऐकूच आलं नाही. घरी सहा महिन्यांची लेक. थुंकीत जंतू असेपर्यंत तिला जवळ घ्यायचं नाही, एवढंच डोक्यात राहिलं.

सानपाड्याच्या दवाखान्यातून औषध सुरू झालं. त्यात रिफाम्पिसिन, म्हणजे टीबीचे जंतू मारणारी लाल कॅप्सूल. दुसऱ्याच दिवशी लघवी केशरी! घाबरलो, पण लाजेपोटी कोणाला बोललो नाही.

दोन महिन्यांनी तिथला साठा संपला, म्हणून त्याच नावाच्या कॅप्सूल बाजाराजवळच्या दुकानातून आणल्या. लघवी पुन्हा पाण्यासारखी साफ. मी बायकोला म्हणालो, “सुनंदा, रोग धुऊन निघाला बघ!” तिने शिरा केला.

महिन्याभरात ताप परत आला. स्पुटम टेस्ट, म्हणजे थुंकीची तपासणी, पुन्हा पॉझिटिव्ह. आमच्या भागाच्या आरोग्य अधिकारी डॉक्टरबाईंनी भरल्या रांगेत विचारलं, “लघवीचा रंग कसा आहे?”

“एकदम साफ, मॅडम.”

त्यांनी कपाळाला हात लावला. “अहो, या औषधाने केशरी यायला हवी! कॅप्सूल बनावट आहे.”

वाशीच्या कांदा बाजारात मी प्रतवारी करतो. कांदा नुसता दाबून आतला कुजका सांगतो. आणि स्वतःच्या पोटात महिनाभर भुकटी ढकलत होतो! असा संताप आला स्वतःचा.

बाई औषध निरीक्षकांना घेऊन थेट दुकानावर गेल्या. माल पुरवणारा प्रकरण मिटवायला आला, तर त्याला चहा पाजला आणि त्याच्यासमोरच पंचनामा पुरा केला. मग बाजारातल्या एकेका पेशंटला गाठून तोच प्रश्न. एक माथाडी कानापर्यंत लाल झाला. “बाईमाणसाला आमी आसलं कसं सांगावं?”

“मी विचारतेय ना? तसंच सांगायचं.”

माझं खरं औषध पहिल्यापासून सुरू झालं. दुसऱ्या दिवशी मी न्हाणीघरातूनच ओरडलो, “सुनंदा, केशरी!” शेजाऱ्यांनीही ऐकलं असणार. ऐकू दे.

म्हणून सांगतो, डॉक्टरांपुढे लाजू नका. औषधाने काय झालं आणि काय व्हायचं थांबलं, दोन्ही बोला. बाकीच्या गोळ्यांना अशी खूण नसते, तेव्हा तपासून घेता यावं म्हणून पाकीट जपून ठेवा.

दोन महिन्यांनी थुंकीच्या रिपोर्टच्या दिवशी बाईंनी दारातून हाक दिली, “रंग?” अख्खी रांग गरजली, “केशरी!” तो माथाडी सगळ्यात जोरात. मग माझा कागद हलवत बाई म्हणाल्या, “निगेटिव्ह. जंतू नाहीत. घरी जा, लेकीला घ्या.”

बाईंचे आभार मानायचेही राहिले, तसाच पळालो. लेकीने माझी मिशी मुठीत धरली, ती काही केल्या सोडेचना.