आईला दाखवलेला चोरखिसा

शिलाईच्या दुकानात चिंध्या आणि किस्से रोज झाडले तरी साठतातच. दिंद्रुडला इंदूताईंच्या शिलाई दुकानाला लागून माझं झेरॉक्सचं दुकान. मधे नुसता पत्रा. त्यामुळे चिंध्या तिकडं राहतात, किस्से माझ्याकडं येतात. गाव मला थापाड्या म्हणतं. म्हणू द्या. मी एकाचे दोन केले तरी मूळ एक खरं असतं. मशीनचा धर्मच आहे तो!

आधी जे सांगतो, त्यात मात्र मीठ-मिरची नाही. ताईंचा अमोल बारावीला होता. पँटीला आतून चोरखिसा शिव म्हणाला, ताईंनी हौसेनं शिवला. पोरगं गेलं त्या दिवशी नशेच्या गोळ्या त्याच खिशात निघाल्या. तेराव्यानंतर ताईंनी दुकान उघडलं आणि दारावर खडूनं लिहिलं : 'चोरखिसा आईला दाखवून मिळेल.'

*

नियम सगळ्यांना. आमच्या भागातले एक पुढारी, वय साठीच्या घरात, शर्टाला चोरखिसा शिवायला आले. ताई म्हणाल्या, आईंना घेऊन या.

"आईला कावून? मी कोण हाय माहीत हाय न्हवं?"

"माहीत हाय, म्हणूनच."

चार दिवसांनी दारात पांढरी गाडी. आतून पंच्याऐंशीच्या म्हातारबाई उतरल्या. ताईंनी नवा खिसा दाखवला. म्हातारबाईंनी तो नीट चाचपला आणि मग लेकाच्या अंगातल्या शर्टात, बरोब्बर त्याच जागी हात घातला. तंबाखूची पुडी! आईपुढं ती वीस वर्षांपूर्वी सुटली होती. म्हातारबाईंनी कान धरला तो गाडीत बसेस्तोवर सोडला नाही. तो कान अजून दुसऱ्यापेक्षा बोटभर लांब आहे. निवडणुकीच्या बॅनरवर बघा.

*

मग पोरं गेवराईला जाऊन चोरखिसे शिवून आणायला लागली. ताईंनी अमोलची पँट पिशवीत घातली, एसटी धरली आणि तिथल्या टेलर मास्तरच्या बाकड्यावर जाऊन बसल्या. पँट मांडीवर. दिवसभर. मास्तरनं दोनदा चहा पाजला, तिसऱ्यांदा विचारलं. ताईंनी सांगितलं.

मास्तरनं पोराला हाक मारली. "खडू आण बे."

*

पुढं शाळा बोलवायला लागल्या. पहिल्या वेळी भाषण मी लिहून दिलं. युवाशक्ती, राष्ट्राचं भवितव्य, सगळं घातलं. मोठ्या अक्षरात, मोठ्या कागदावर. ताई उठल्या त्या रिकाम्या हातानं. मी खालून खुणावलं, कागद?

नंतर म्हणाल्या, "लई कामाला आलं तुमचं भाषण. कॉलर बेतायचा फर्मा बसला त्या कागदात."

भाषण त्यांनी केलंच नाही. पँट कोणाची, खिसा कोणी शिवला, त्यात काय निघालं, एवढंच सांगितलं. मग पँट पहिल्या बाकावर दिली. हात घालून बघा, म्हणाल्या, आणि पुढं द्या.

तेव्हापासून त्यांची हीच रीत. पँट बाकाबाकावरनं फिरते, परत येते, ताई घडी घालतात.

*

किती शाळा झाल्या? मी शंभर सांगतो, ताई अकरा म्हणतात. माझ्या मोटारसायकलवर परत येताना मात्र दर वेळी मागून एकच प्रश्न येतो.

"एकाच्या तरी डोक्यात गेलं असंल का हो?"

एरवी मला कशाचंही उत्तर सुचतं. तेव्हा मी गिअर बदलतो.

*

हा शेवटचा किस्सा मी कुठंही वाढवून सांगत नाही.

एक ज्युनियर कॉलेज. पँट फिरत होती. मागच्या बाकावरून कुणीतरी "साईज काय हाय बे?" म्हणालं, हशा झाला. पँट त्या बाकांवरूनही गेली आणि परत आली.

घडी घालण्याआधी ताई खिसा सारखा करतात. आत घातलेला हात तिथंच थांबला. बाहेर आला तेव्हा त्यात गोळ्यांचं पाकीट होतं. दोन गोळ्या कमी.

सर ताडकन उठले. कोणाचं आहे रे, दार लावा, म्हणाले. ताईंनी हातानंच त्यांना खाली बसवलं. एकाही पोराच्या तोंडाकडं पाहिलं नाही. पाकीट आपल्या पिशवीत टाकलं, खिसा सारखा केला, पँटीची घडी घातली.

"पुढल्या शनिवारी परत येते," म्हणाल्या. "हीच पँट घेऊन."

त्या दिवशी दिंद्रुड येईस्तोवर मागून प्रश्न आला नाही.