डिंकाचा संशय

प्लास्टिकच्या ठोकळ्यांच्या संचांची परीक्षणं लिहून लिहून माझा कुणावर विश्वास उरलेला नाही. शनिवार पेठेतल्या प्रदर्शनात एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी अशाच ठोकळ्यांचा, पुरुषभर उंचीचा दिल्ली दरवाजा उभारला होता. एवढी कमान डिंकाशिवाय उभी राहीलच कशी? आम्हा हौशी लोकांत डिंक लावणं म्हणजे शुद्ध लबाडी. बाईंची पाठ वळताच मी कमानीतला एक ठोकळा नखाने उचकटला. तो अलगद हातात आला.

“अहो, खात्री झाली असेल तर आपण तो होता तिथे बसवा,” बाई मागे न बघताच म्हणाल्या.

ठोकळा बसवला आणि घरी आलो. दिवाणखान्यात माझा स्वतःचा किल्ला आहे, सगळ्यांनी वाखाणलेला. त्याचा एकही ठोकळा नखाने निघत नाही.