छकुली बोलत का नाही

मालकिणीची अट एकच होती. "लेकराशी आमच्याच भाषेत बोलायचं. तुमची भाषा या घरात नको." लेकरू सांभाळायला ठेवलेल्या बाईनं मुकाट मान हलवली. न हलवून सांगते कुणाला? परमुलखात नोकरी गेली की डोक्यावरचं छप्परही जाणार, कारण राहायची खोली त्याच घराच्या मागची.

पण अहो, उसन्या भाषेत बाजारहाट होतो, लेकरू कसं खेळवायचं? मालकीण कामावर गेली की बाईची जीभ सुटायची. "आलं गं माझं सोनं! कुठं बरबटवलंस तोंड? थांब, लबाड!" छकुली खुदखुदायची. संध्याकाळी दारात किल्ली फिरली की बाई चिडीचूप. चोराच्या मनात चांदणं!

छकुली दोन वर्षांची झाली तरी तोंडातून शब्द नाही. मालकीण रोज समोर बसून "बोल गं, बोल" करायची. बाईचा जीव टांगणीला. पोर बोललं नाही तर काळजी, आणि बोललं तर मेलेच मी! नेमकं आपल्या भाषेतलं काही बोलली म्हणजे? भीतीपोटी बाई दिवसाही गप्प राहायला लागली. छकुली तिचा हात ओढायची, तोंडाकडे बघायची आणि भोकाड पसरायची.

शेवटी मालकिणीनं दोघींना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. टेबलावर बाहुली, चेंडू, चमचा. डॉक्टरीणबाई मालकिणीच्या भाषेत विचारत होत्या, "चेंडू कुठे? नाक कुठे?" छकुली नुसती टकामका बघत राहिली.

"ऐकू येतंय, पण समजत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बुद्धीची वाढ कमी वाटते. मोठ्या तपासण्या कराव्या लागतील."

मालकीण पांढरीफटक पडली. बाईला दरदरून घाम फुटला. बोलावं तर पोटावर पाय, न बोलावं तर धडधाकट पोरीवर जन्माचा ठप्पा. मेलं, जाऊ दे!

"छकुले, नाक कुठंय गं?" बाईनं आपल्या भाषेत विचारलं.

झटकन बोट नाकावर.

"आणि चेंडू?"

चेंडू उचलला. चमचा विचारला तर तो थेट तोंडात. डॉक्टरीणबाई हसल्या. मालकीण हसली नाही.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"पहिल्या दिवसापासून," बाई म्हणाली.

मालकीण लेकीकडे बघत हळूच म्हणाली, "तिला विचार, आई कुठंय."

दुपारी पोरीला थोपटताना बाईला गावाकडं बहिणीपाशी ठेवलेली आपली लेक आठवायची, आणि तोंडून निसटायचं, "ये, आईकडे ये." कितीदा निसटलं, देव जाणे.

"विचार ना," मालकीण म्हणाली.

बाईनं विचारलं. "छकुले... आई कुठंय?"

छकुलीनं चमचा टाकला, वळली, बाईच्या छातीवर बोट टेकवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा बोलली.

"आई."

बाईला वर बघायची हिंमत झाली नाही.